रक्ताचे कंट्रोलर

अण्णांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. चेहरेही फारसे राहत नाहीत. राहतो तो रक्तगट. मिरजेच्या मंडईत सकाळी भाजी घेताना ते कोथिंबीरवाल्याला "काय म्हणतोय बी निगेटिव्ह?" असं विचारतात आणि तो "बरं चाललंय अण्णा" म्हणत दोन काड्या जास्त टाकतो. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला ए पॉझिटिव्ह, त्याच्या शेजारी सतारीला तारा चढवत बसणारे चाचा बी पॉझिटिव्ह, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर ए निगेटिव्ह. मला ते "ओ सर" म्हणून हाक मारतात. त्यातला 'ओ' आमच्याकडे सगळ्यांनाच लावतात तो, की माझ्या रक्तगटाचा, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं गाव, शिक्षण, पगार यांतलं काहीच विचारलं नव्हतं. घरमालकांनी "हे नवे भाडेकरू" अशी ओळख करून दिल्याबरोबर प्रश्न आला, "गट कुठला?"

"ओ पॉझिटिव्ह."

"असू दे, असू दे," अण्णा म्हणाले. सूर सांत्वनाचा होता. मुलीसाठी स्थळ बघायला गेल्यावर मुलगा अजून नोकरी शोधतोय असं कळल्यावर जे म्हणतात, ते. आपल्याकडे ओ आणि बी हे दोन गट गल्लोगल्ली सापडतात, त्यामुळे माझ्यासारख्या माणसाचं अण्णांना अप्रूप नाही. पुढं त्यांनीच समजूत काढली: "ओ पॉझिटिव्ह पेशंट पण तेवढेच असतात की. तुम्हाला काम भरपूर." आणि खिशातली वही काढून मला नोंदवून टाकलं.

ही वही एसटीच्या जुन्या कोऱ्या रजिस्टरांतून शिवलेली आहे. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोकांच्या भाषेत कंट्रोलर. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून "फलाट क्रमांक तीनवर लागलेली मिरज-पंढरपूर गाडी" हे वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत किती वेळा उच्चारलं असेल याची मोजदाद नाही. निवृत्त झाले, केबिन सुटली, पण वाक्य सुटलं नाही. आता फलाटावर गाड्यांऐवजी माणसं लागतात. वहीत गटवार पानं आहेत. प्रत्येक माणसापुढं वजन, शेवटचं रक्तदान, पुढची तारीख आणि 'कुठं असतो' एवढीच माहिती. आडनावाचा रकाना नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आडनाव लिहिलं की माणूस जातीत जातो. मला तो गटात पाहिजे."

मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथं मिशनचा दवाखाना काढणाऱ्या वॉनलेस साहेबांच्या काळापासून विजापूर, बेळगाव, कोल्हापूर, कोकण, सगळीकडचा पेशंट इथं येतो. गावाकडून आलेल्या नातेवाइकाला इथं कुणी ओळखीचं नसतं. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, चिठ्ठीवर 'बी निगेटिव्ह, दोन पिशव्या', आणि चेहऱ्यावर परीक्षेतल्या न आलेल्या प्रश्नाचा भाव. असा माणूस रक्तपेढीच्या दारात उभा राहिला की कुणीतरी, बहुधा चहावालाच, त्याला अण्णांचा नंबर देतो.

मग कंट्रोल रूम सुरू होते. अण्णा ओसरीवरच्या खुर्चीत बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि फोन लावतात. "हॅलो, बी निगेटिव्ह? कुठं हायसा? कवठ्यात? अकराची गाडी हाय, ती धरा. नाष्टा केलाय न्हवं? उपाशी नका येऊ, चक्कर येतीया." फोन ठेवून लगेच त्या नातेवाइकाला लावतात: "तुमचा बी निगेटिव्ह कवठेमहांकाळवरनं सुटलाय. साडेबारापर्यंत लागंल." दुसऱ्या टोकाचा माणूस आपल्याला रक्त मिळणार आहे की पार्सल, अशा संभ्रमात "बरं साहेब" म्हणतो.

'नाष्टा केलाय का' हा अण्णांचा पहिला प्रश्न आणि 'तीन महिने झाले का' हा दुसरा. पुरुषानं दोन रक्तदानांत ९० दिवस जाऊ द्यायचे, बाईनं १२०. वय अठरा ते पासष्ट. वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिलिलिटर घेतात, ५५ च्या वर असेल तर ४५० सुद्धा. हिमोग्लोबिन साडेबारा हवं. हे नियम अण्णांना एसटीच्या भाडेतक्त्याइतके पाठ आहेत, आणि त्यांत ते कुणाला सवलत देत नाहीत. कॉलेजची पोरं उत्साहात येतात, बोटाला टोचून घेतलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला जातो, थेंब बुडण्याऐवजी वरच तरंगतो, आणि अण्णा शेजारून जाहीर करतात, "गाडी रद्द. पालेभाजी खा, दोन महिन्यांनी या." दंडाची बेटकुळी दाखवत आलेल्या जिमवाल्या पोराचा थेंब तरंगला तेव्हा तर त्यांना इतका आनंद झाला की त्याला त्यांनी स्वतःच्या खर्चानं शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली.

हे वेड त्यांना लागलं १९८३ साली, पहिल्या मुलाच्या वेळी. काकू ओ निगेटिव्ह, अण्णा पॉझिटिव्ह. मूल जन्माला आलं ते पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बोलावून सांगितलं, की बाळ ठीक आहे, बाळंतीण ठीक आहे, पण बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळल्या असतील. आईचं शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करील, आणि ती पुढच्या बाळाच्या लाल पेशी फोडतील. यावर एक इंजेक्शन आहे, अँटी-डी. ते ७२ तासांच्या आत द्यायला हवं. मिरजेत त्या दिवशी ते नव्हतं. सांगलीत नव्हतं. पुण्यात होतं.

दुसरा कुणी असता तर पुण्याला पळाला असता. अण्णा स्टँडवर पळाले. केबिनमधून स्वारगेटला फोन लावला. तिथल्या कंट्रोलरनं औषधाच्या दुकानातून इंजेक्शन आणवलं, बर्फ भरलेल्या थर्मासात ठेवलं आणि रातराणीच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. साताऱ्याला थर्मासात बर्फ बदलला गेला. कराडला गाडी बिघडली, थर्मास मागच्या गाडीत चढला. पहाटे तो मिरजेच्या फलाटावर उतरला तेव्हा अण्णांनी रीतसर पोच लिहून दिली: 'एक नग थर्मास, चालू स्थितीत.' ७२ तासांपैकी तीस अजून शिल्लक होते. ही गोष्ट ते अजून सांगतात, पण त्यात बायकोबद्दलची काळजी, मुलाचा चेहरा वगैरे काही येत नाही. येतं ते एवढंच, की कराडच्या डेपोनं त्या रात्री बदली गाडी किती झटक्यात काढली.

मुलीचा जन्म पुढं सुखरूप झाला, आणि तेव्हा अण्णांना आपल्या घराचा खरा चमत्कार कळला. अण्णा एबी, काकू ओ. एबी बापाकडून मुलाला एकतर ए मिळतो नाहीतर बी; ओ आईकडून दोन्ही खेपेला ओच. म्हणजे पोरं ए होणार किंवा बी होणार. बापासारखी एबी होणार नाहीत, आईसारखी ओही होणार नाहीत. मुलगा ए झाला, मुलगी बी झाली. घरात माणसं चार आणि गट चार, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

काकू ओ निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरात जेमतेम दोन. त्यांच्या लाल पेशींवर ना ए, ना बी, ना आरएच. त्यामुळं अडीअडचणीला त्या कुणालाही चालतात. अण्णा एबी पॉझिटिव्ह, म्हणजे बरोबर उलट टोक. त्यांना लाल पेशी कुणाच्याही चालतात, पण त्यांच्या मात्र एबी पॉझिटिव्हखेरीज कुणालाच चालत नाहीत.

"म्हणजे मी सगळ्यांना द्यायचं आणि ह्यांनी सगळ्यांकडून घ्यायचं," काकू म्हणतात. "त्यासाठी रक्त कशाला तपासायला पाहिजे होतं? मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

ही अण्णांची दुखरी जागा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची रक्तं जुळवणाऱ्या माणसाचं स्वतःचं रक्त फारसं कुणाला चालू नये, हा अन्याय त्यांना सहन होत नसे. काकूंना मात्र ते फार जपतात. लग्नाचा वाढदिवस त्यांना आठवत नाही, पण काकूंचे १२० दिवस कधी संपायचे ते तारखेनिशी आठवायचं. काकू माहेरी कोरेगावला गेल्या तर अण्णा दोनदा फोन करत. शेजारणींना वाटे, काय प्रेम आहे! अण्णा खरं तर साताऱ्याच्या रक्तपेढीला कळवून ठेवत असत, की आमचा एक ओ निगेटिव्ह सध्या तुमच्या विभागात आहे.

मग एका शिबिरात कुणा तरुण डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की अण्णा, तुम्ही उगीच झुरता. लाल पेशींचा हिशोब प्लाझ्माला उलटा लागतो. ए गटाच्या प्लाझ्मात बीविरुद्धची प्रतिपिंडं असतात, बीच्या प्लाझ्मात एविरुद्धची, ओच्या प्लाझ्मात दोन्ही. एबीच्या प्लाझ्मात यांतलं काहीच नाही, म्हणून तो कुणालाही देता येतो. अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "कुणालाही?" "कुणालाही." त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "प्लाझ्मा पास झाला." शेजारच्यांना वाटलं नातू असावा.

त्यांच्या ओसरीवर एका गोऱ्या, मिशीवाल्या गृहस्थाची तसबीर आहे. मिरजेत गोरा माणूस तसबिरीत दिसला की तो वॉनलेस साहेबच असणार असं धरून लोक नमस्कार करतात. ते कार्ल लँडस्टायनर. व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं; कुठल्या जोडीत गुठळ्या होतात, कुठल्या होत नाहीत हे मांडलं आणि १९०१ मध्ये गट जाहीर केले. त्याआधी माणसाचं रक्त माणसाला देणं म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला होता. कधी पेशंट उठून बसे, कधी रक्त चढता चढता जाई, आणि दोन्हींचं कारण कुणाला ठाऊक नसे. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. त्या दिवशी अण्णा तसबिरीला झेंडूचा हार घालतात आणि उदबत्ती लावतात. पण एक तक्रार त्यांच्या मनात आहे. लँडस्टायनरना त्या पहिल्या तपासणीत ए सापडला, बी सापडला, पुढं ज्याला ओ म्हणायला लागले तो सापडला. एबी काही सापडला नाही. तो दुसऱ्या वर्षी इतरांनी शोधला. "एवढा मोठा माणूस," अण्णा हार सारखा करत म्हणतात, "पण आमची गाडी चुकलीच की त्याची."

गल्लीतले आम्ही अण्णांना टाळतो हे खरं आहे. ते शिबिराच्या आधी दारावर येतात, शिबिराच्या दिवशी येतात, आणि शिबिर झाल्यावर का आला नाहीत हे विचारायला येतात. कुणी "मला रक्त बघून चक्कर येते" म्हणालं तर "मग बघू नका" म्हणतात. कुणी "अशक्तपणा येईल" म्हणालं तर त्यांचं व्याख्यान सुरू होतं: अंगात पाच लिटर रक्त, त्यातलं साडेतीनशे मिली काढलं तर बिघडलं काय? सेकंदाला वीस लाखांवर लाल पेशी तुमच्या हाडांत तयार होऊन बाहेर पडतायत. लाल पेशीला केंद्रक नाही, स्वतःची दुरुस्ती येत नाही, १२० दिवस धावली की भंगारात. "दिली नाहीत तरी मोडीतच निघणार हाय ओ ती. पासिंग संपायच्या आत कुणाला तरी जाऊ दे की." यावर कुणाला उत्तर सुचत नाही. सुचलं तरी तोवर बाही वर गेलेली असते.

शिबिरांबद्दल त्यांचं एक खास दुःख आहे. आपल्याकडं शिबिरं भरतात ती नेत्यांच्या वाढदिवसाला. मंडप, डीजे, फ्लेक्स, आणि प्रत्येक दात्याला हेल्मेट किंवा पाण्याचा जार. एका दिवसात पाचशे पिशव्या. लाल पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, वेगळं द्रावण घातलं तर ४२. म्हणजे वाढदिवसानंतर महिनाभर फ्रीज ओसंडून वाहतो आणि त्यानंतर नातेवाईक चिठ्ठी घेऊन फिरतात. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, निम्मं गाव लग्नाला आणि उरलेलं यात्रेला, तेव्हा फ्रीजमध्ये नुसता दिवा. थॅलेसेमियाच्या पोरांना मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. अण्णांनी यावर उपाय काढला. एका स्थानिक नेत्याच्या बंगल्यावर जाऊन त्यांनी हात जोडून विनंती केली, "साहेब, तुमचा वाढदिवस जानेवारीत पडतोय. जानेवारीत आधीच चार हायत. तेवढा मे महिन्यात घेता आला तर बघा." नेते हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि मे महिन्यातल्या रिकाम्या तारखा दाखवल्या. शेवटी नेत्यांच्या मातोश्रींची पंच्याहत्तरी मेमध्ये साजरी करायचं ठरलं. मातोश्रींची जन्मतारीख कुणालाच नक्की माहीत नव्हती, त्यामुळे तिकडूनही हरकत आली नाही.

पावसाळा आला की फोनचा विषय बदलतो. डेंगीची साथ, आणि गावभर एकच प्रश्न: पेशी किती? प्लेटलेट्सचा आकडा लोक सोन्याचा भाव विचारावा तसा विचारतात. ऐंशी हजारांवर आल्या की नातेवाईक पपईच्या पानांचा रस काढायला बसतात आणि अण्णांना फोन लावतात. अण्णांचा त्यावर एकच प्रतिप्रश्न: "डॉक्टरनं मागितल्यात, का तुम्हीच मागायला लागलाय?" बहुतेक वेळा डॉक्टरांनी मागितलेल्या नसतात. रक्तस्राव नसेल तर पार दहा हजारांपर्यंत डॉक्टर वाट बघतात, हे त्यांना रक्तपेढीत बसून बसून ठाऊक झालंय. प्लेटलेट्स साठवून ठेवता येत नाहीत. खोलीच्या तापमानाला, यंत्रावर सतत हलवत ठेवूनही पाचच दिवस. "नाशवंत माल," अण्णा म्हणतात. "उगीच बुक करून ठेवायचा नाही. ज्याला खरी लागणार हाय त्याची सीट जाती."

लग्नं जमवण्यातही अण्णांचं नाक असतंच. आपल्याकडं अलीकडं पत्रिकेबरोबर रक्तगटही मागतात, आणि 'एक नाडी म्हणजे एकच रक्तगट, म्हणून लग्न नको' असं कुणीतरी कधीतरी पसरवून ठेवलंय. आमच्या घरमालकांच्या भाचीचं ठरत आलेलं लग्न दोघंही बी पॉझिटिव्ह निघाल्यामुळं अडलं, तेव्हा अण्णा बोलावल्याशिवाय बैठकीत जाऊन बसले. "एकच गट असला तर काय होतंय?" त्यांनी मुलाच्या मामांना विचारलं. मामा म्हणाले, संततीला त्रास होतो म्हणतात. "कोण म्हणतंय? निम्म्या गावात नवरा-बायकोचा गट एकच असंल, आणि गाव बघा कसं भरलंय." बघायचं असेल ते एवढंच, त्यांनी समजावलं, की बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का; आणि असला तरी लग्न मोडायचं नाही, दवाखान्यात आधी सांगून इंजेक्शन घ्यायचं. इथं थर्मासाची गोष्ट सुरू झाली. कराड डेपोपर्यंत आल्यावर मामांनी होकार दिला.

जाता जाता मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे अडीनडीला एकमेकांना रक्तही देता येईल." अण्णा हो-हो म्हणाले. मूल व्हायच्या वयात नवऱ्याचं रक्त बायकोला शक्यतो देत नाहीत, पुढच्या बाळंतपणात त्यातूनच घोळ होऊ शकतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण जमलेलं लग्न पुन्हा फलाटावर आणण्यात अर्थ नव्हता.

रक्ताच्या नात्यांवर त्यांचा तसाही विश्वास उरलेला नाही. दवाखान्याच्या जिन्यात कितीतरी भाऊ त्यांनी शर्टाची बाही वर करून, डोळ्यांत पाणी आणून "माझं काढा, सगळं काढा" म्हणताना पाहिले आहेत. तपासल्यावर गटच जुळत नाही. जुळला तरी डॉक्टर जवळच्या नातलगाचं ताजं रक्त तसंच चढवायला नाखूश असतात. सख्ख्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात की पेशंटचं शरीर त्यांना बाहेरच्या म्हणून ओळखत नाही. त्या तिथं मुक्काम ठोकतात आणि पेशंटवरच उलटतात. असं क्वचित होतं, पण झालं तर वाचणं कठीण. म्हणून ते रक्त आधी किरणोत्सर्गाखालून काढावं लागतं. हे कळल्यापासून अण्णांचा निकाल पक्का आहे: "भावाला जमिनीत हिस्सा द्या. रक्त परक्याचंच बरं."

परक्यांचंही एक वाईट युग त्यांनी पाहिलंय. तेव्हा दवाखान्यांबाहेर रक्त विकणारे उभे असत. दारूसाठी महिन्यातून दोन-दोनदा बाटली भरून देणारे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला. अण्णांनी त्यातल्या दोघांना वहीत घेतलं. एकाची दारू सुटली, एकाची नाही. सुटली त्याचा गट ए निगेटिव्ह आहे, आणि त्याला ते स्वतः सणाला जेवायला बोलावतात.

अण्णांच्या वहीत शेवटचं पान मात्र वर्षानुवर्षं कोरं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'बॉम्बे'.

हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, आणि तो लँसेटमध्ये छापून आला. गावाचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं. रक्तगट आणि हायकोर्ट बॉम्बेच राहिले. तो काय प्रकार आहे हे अण्णा एसटीच्या भाषेत सांगतात. लाल पेशीवर एच नावाचा एक पदार्थ असतो, ती चेसी. तिच्यावर ए बॉडी बांधली की ए गट, बी बांधली की बी, दोन्ही बांधल्या की एबी. काहीच बांधलं नाही, नुसती चेसी राहिली, की ओ. बॉम्बेवाल्याला चेसीच नसते. त्यामुळं साध्या तपासणीत ए नाही, बी नाही असं दिसून तो ओ म्हणून खपतो. पण ओचं रक्त चढवलं तर त्याचं शरीर त्या चेसीवरच तुटून पडतं. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं, आणि तसा माणूस भारतात साधारण दहा हजारांत एक. युरोपात तर दहा लाखांत एखादा.

तो एक माणूस मिरज तालुक्यात कुठंतरी आहे, स्वतःला ओ समजून हिंडतोय, याची अण्णांना खात्री होती. म्हणून कुणीही ओ भेटला की ते त्याच्याकडं जरा संशयानं बघत. मलाही बघितलं होतं.

मग एकदा वही चाळताना ते थबकले. जवळच्याच गल्लीतलं एक कुटुंब. नवरा ओ पॉझिटिव्ह, बायको ओ पॉझिटिव्ह, आणि नुकताच अठरा पूर्ण करून शिबिरात आलेला मुलगा बी पॉझिटिव्ह. ओ आणि ओ मिळून बी होत नाही. अण्णांनी वही मिटली. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. काकूंनी विचारलं, तर "पित्त झालंय" म्हणाले. गावातलं प्रत्येक रक्त मोठ्यांदा पुकारणारा हा माणूस त्या आठवड्यात त्या गल्लीतून जाईना. मला त्यांनी हे खूप नंतर सांगितलं, तेही नावगाव गाळून. वहीचा असाही उपयोग होऊ शकतो, हे त्यांच्या आधी कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री ते ताडकन उठून बसले. बॉम्बे! बॉम्बेवाल्याच्या अंगात बीची बॉडी असू शकते की, चेसी नाही म्हणून दिसत नाही एवढंच. पोराला चेसी मिळाली आईकडून, बॉडी मिळाली बापाकडून, आणि झाला बी पॉझिटिव्ह! बाईच्या अब्रूचा प्रश्नच नव्हता. हा तर नवरा दुर्मीळ निघाला होता. पहाटे पाचला अण्णा त्या गृहस्थाच्या दारात. "चला, रक्त तपासायचंय." "कुणाचं?" "तुमचं. देशात मोजकी माणसं हायत तुमच्यासारखी." तो गृहस्थ पाणीपुरवठा विभागात कारकून होता. असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तो निघाला.

रक्तपेढीत दोन्ही बाजूंनी तपासणी झाली: आधी त्याच्या पेशी माहीत असलेल्या द्रवाबरोबर, मग त्याचा द्रव माहीत असलेल्या पेशींबरोबर. बॉम्बे असता तर ओच्या पेशींबरोबरही गुठळ्या झाल्या असत्या. अण्णा टेबलाला टेकून उभे. तंत्रज्ञ बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "साधा बी पॉझिटिव्ह आहे, अण्णा."

"पण लायसनवर ओ हाय."

गृहस्थ खाकरले. लायसन काढताना एजंटनं गट विचारला होता, माहीत नव्हता, म्हणून त्यानं "ओ टाकू का? ओ बरा असतो" असं म्हणून टाकला होता. पुढं शिबिराच्या अर्जावर त्यांनी तोच लिहिला, आणि अण्णांनी त्यावरून वहीत.

अण्णा फार खट्टू झाले. दारावर आलेला दुर्मीळ माणूस निव्वळ बी पॉझिटिव्ह निघाला, आणि बी पॉझिटिव्हची त्यांच्याकडं सहा पानं आहेत. पण त्या दिवसापासून वहीतल्या प्रत्येक नावापुढं त्यांनी नवा रकाना आखला: 'कुणी तपासला?' आमच्यासकट सगळ्यांची फेरतपासणी झाली. त्यात सात जण आयुष्यभर चुकीचा गट सांगत हिंडत होते असं निघालं. एक तर निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना ते मान्यच होईना.

अण्णांनी पासष्टी ओलांडली त्याला आता काही वर्षं झाली. त्यांचं स्वतःचं रक्त आता घेत नाहीत, काकूंचंही नाही. बॉम्बेचं पान अजून कोरंच आहे. फोन मात्र पूर्वीपेक्षा जास्त चालतो, कारण देता येत नाही तर निदान मागता तरी येतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

तुम्ही मिरजेच्या पंचक्रोशीत राहत असाल तर आपला गट एकदा नीट तपासून घ्या. लायसनवरचा धरू नका, तो तुम्हीच लिहून दिलेला असतो आणि दवाखान्यात त्याला कुणी विचारत नाही. आणि भर दुपारी अनोळखी नंबरवरून कुणी "नाष्टा केलाय न्हवं?" असं विचारलं, तर राँग नंबर म्हणून ठेवू नका. ठेवलात तर ते घरी येतात.